सेडी आणि नायरा: विनिमय दराच्या इतिहासाचा तक्ता कसा बांधायचा

घानाचा सेडी आणि नायजेरियाचा नायरा यांचा वीस-पंचवीस वर्षांचा दर एका तक्त्यात मांडायचा, हे काम ऐकायला तासाभराचं वाटतं. एखाद्या संकेतस्थळावरून तयार आलेख उतरवला, की झालं. नायजेरियातलं लागोस आणि घानातलं अक्रा या दोन्ही ठिकाणी माल पाठवणाऱ्या मुंबई-पुण्यातल्या कंपन्यांच्या फायलींत आणि अर्थशास्त्राच्या प्रबंधांत असे उतरवलेले आलेख सर्रास दिसतात. त्यांतले बरेचसे चुकीचे असतात, आणि चुका ठरलेल्याच असतात. २००७ ला सेडी एकदम दहा हजारपट वर गेलेला दिसतो, १९९९ ला नायरा कड्यावरून पडल्यासारखा दिसतो, नाहीतर दोन वेगवेगळ्या तारखांचे दर एकमेकांना भागलेले असतात.

मूळ अडचण अशी, की सेडी आणि नायरा यांचा थेट, मोठा, रोज भाव ठरणारा बाजार नाही. ऐतिहासिक तक्त्यात दिसणारा आकडा बहुतेक वेळा कोणीतरी डॉलरमधून काढलेला असतो. म्हणून तुम्हाला एक नव्हे, दोन इतिहास नीट मांडायचे आहेत: डॉलर-सेडी आणि डॉलर-नायरा. मग भागाकार. खालचा क्रम बदलू नका. चौथी पायरी आधी आणि दुसरी नंतर केली, की चूक शोधणं फार जड जातं.

## पायरी १: तक्ता कशासाठी, ते एका ओळीत लिहा

कोऱ्या पानावर वरच लिहा: हा दर कोणाला, कोणत्या व्यवहारासाठी हवा आहे? उत्तरं साधारण तीनच असतात.

- ताळेबंद, लेखापरीक्षण किंवा संशोधन: अधिकृत दर, आणि त्यातला मध्य दर (खरेदी आणि विक्री दरांच्या मधोमधचा).
- लागोसच्या आणि अक्र्याच्या वितरकांच्या किमतींची तुलना: ज्या दराने त्यांना डॉलर खरोखर मिळाला, तो दर.
- कामगारांनी घरी पाठवलेले पैसे, सीमेवरचा किरकोळ व्यापार: समांतर, म्हणजे बँकेबाहेरच्या अनधिकृत बाजाराचा दर.

तिन्हींसाठी एकच तक्ता चालत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये नायराचा अधिकृत दर डॉलरला सुमारे ४४५ होता आणि रस्त्यावर ७०० च्या वर मागत होते. तुमचा तक्ता यांपैकी कोणत्या जगातला आहे, हे ठरवल्याशिवाय पहिला आकडाही भरू नका.

त्याच पानावर दिशाही लिहा. मी नेहमी "१ सेडी = किती नायरा" अशी ठेवतो, कारण २००७ नंतर हा आकडा दोन-तीन अंकी राहतो आणि नजरेला चूक चटकन दिसते. उलट दिशा घेतली, तर ०.००६५ सारखे दशांश हाताळावे लागतात आणि एखादं शून्य कधी निसटलं ते कळतही नाही.

तपासा: उद्देश, दिशा, सुरुवातीचं आणि शेवटचं वर्ष, रोजचा की महिन्याचा दर, हे चारही लिहून झालं का?

## पायरी २: सेडी एका मापात आणा

सर्वाधिक तक्ते इथेच फसतात, म्हणून इथे जरा थांबू.

सेडी हे नाव एकच असलं, तरी त्या नावाची चलनं तीन होऊन गेली.

१. पहिला सेडी, जुलै १९६५ पासून. १ घानाई पौंड = २.४ सेडी.
२. दुसरा सेडी, फेब्रुवारी १९६७ पासून. १ नवा = १.२ जुने.
३. तिसरा, म्हणजे आजचा घाना सेडी, १ जुलै २००७ पासून. १ नवा = १०,००० जुने.

म्हणजे दुसऱ्या सेडीतला कोणताही आकडा आजच्या मापात आणायला १०,००० ने भागायचं. पहिल्या सेडीतला आकडा आधी १.२ ने आणि मग १०,००० ने. पौंडाच्या काळात शिरायचं असेल, तर १ घानाई पौंड म्हणजे २ दुसरे सेडी, म्हणजे आजचे ०.०००२ सेडी. (२.४ ला १.२ ने भागून २ येतात का, ते करून बघा. साखळी बरोबर असल्याची ती खूण.)

आता खरी गोम. काही स्रोतांनी हे काम आधीच करून ठेवलेलं असतं, काहींनी नसतं. जागतिक बँकेच्या वार्षिक मालिकेत घानाचं १९८० चं मूल्य ०.०००२७५ असं दिसतं. ते बरोबरच आहे: त्या वेळचा अधिकृत दर डॉलरला २.७५ सेडी होता, तो दहा हजारांनी भागलेला आहे. त्या काळातल्या छापील अहवालांत मात्र २.७५ च सापडेल. दोन्ही स्रोत एका रकान्यात मिसळलेत, की संपलं.

चलनाच्या संकेताचाही आधार घ्या, पण जपून. जुन्या सेडीचा अधिकृत संकेत जीएचसी होता, नव्याचा जीएचएस आहे. पण घानातले लोक आजही सवयीने जीएचसी लिहितात. संकेत बघून माप ठरवू नका, आकडा बघून ठरवा. जून २००७ च्या अखेरीस डॉलरला जुने सुमारे ९,३०० सेडी पडत होते, जुलैत नवे सुमारे ०.९३. तुमच्या फाइलीत त्या दोन महिन्यांत दर ९,३०० वरून ०.९३ वर उतरत असेल, तर मालिका अजून कच्ची आहे. ०.९३ वरून ०.९३ वर जात असेल, तर आधीच रूपांतर झालेलं आहे. पुन्हा भागू नका.

सावधान: २००७ च्या उत्तरार्धात जुन्या आणि नव्या नोटा एकत्र चालत होत्या. त्या सहा महिन्यांतली बिलं, वर्तमानपत्रातले भाव, भाड्याचे करार यांत दोन्ही मापं सापडतात. कागदावर २००७ साल दिसलं, की प्रत्येक आकड्याकडे संशयानेच बघा.

नायराचं काम त्यामानाने सोपं. १ जानेवारी १९७३ ला नायजेरियन पौंड गेला आणि १ पौंडाचे २ नायरा झाले. त्याआधीचा आकडा असेल तर एवढंच रूपांतर. त्यानंतर शून्यं उडवली गेलेली नाहीत. ऑगस्ट २००७ मध्ये नायजेरियाच्या मध्यवर्ती बँकेने नायराची दोन शून्यं कमी करण्याची योजना जाहीर केली होती, पण राष्ट्राध्यक्षांनी ती थांबवली. जुन्या बातम्या वाचून कोणी नायराही शंभराने भागतं. भागू नका.

## पायरी ३: नायराचा कोणता दर, ते कालखंडानुसार ठरवा

सेडीचा घोळ मापाचा. नायराचा घोळ वेगळाच आहे: एकाच दिवशी एकापेक्षा जास्त अधिकृत दर. हे कालखंड कागदावर उतरवून घ्या.

- १९८६ आधी: दर सरकारने ठरवलेला. १९७३ ला १ नायराला सुमारे १.५२ डॉलर मिळत. जुन्या तक्त्यांत दर याच दिशेने छापलेला असतो. १.५२ हा "डॉलरला नायरा" समजून भरला, तर सगळं उलटतं. भरायचा आकडा आहे ०.६५८.
- सप्टेंबर १९८६ पासून: सरकारी दराशेजारी दुसऱ्या स्तराचा, बाजारभावाने चालणारा परकीय चलन बाजार सुरू झाला. १९८७ च्या मध्यापर्यंत दोन दर शेजारी शेजारी होते.
- १९९३ च्या अखेरीपासून १९९८: अधिकृत दर २२ च्या आसपास गोठवलेला. १९९५ पासून स्वायत्त बाजार (गोठवलेल्या दराबाहेर डॉलर मिळण्याची कायदेशीर जागा) चालू होता आणि तिथे डॉलर ८० च्या पुढे होता.
- २०१६ ते २०२०: जून २०१६ मध्ये दर १९७ वरून २८० च्या वर सोडला. एप्रिल २०१७ मध्ये गुंतवणूकदार आणि निर्यातदारांसाठी वेगळी खिडकी, म्हणजे वेगळ्या दराने डॉलर घेण्या-विकण्याची अधिकृत सोय, उघडली. तिथे साधारण ३६०, तर मध्यवर्ती बँकेचा जाहीर दर ३०५-३०७.
- जून २०२३ नंतर: १४ जूनला खिडक्या एकत्र केल्या. एका दिवसात दर सुमारे ४७० वरून ६६० च्या पुढे गेला.
- जानेवारी २०२४ ची अखेर: दिवसअखेरचा (बंद) भाव काढण्याची पद्धतच बदलली. काही दिवसांत अधिकृत आकडा ९०० च्या आसपासवरून १,४०० च्या वर.

१९९४-९८ चा टप्पा सर्वांत फसवा. आंतरराष्ट्रीय संस्थांच्या वार्षिक मालिकेत त्या वर्षांत २१.९ असा सपाट आकडा आहे आणि १९९९ ला एकदम ९२. आलेखावर तो कडा दिसतो आणि लोक "१९९९ चं महाअवमूल्यन" असा परिच्छेदच लिहून टाकतात. बाजारात डॉलर आधीच ऐंशीच्या घरात होता. १९९९ ला बदलली ती मुख्यतः नोंद. उद्देश व्यापाराच्या तुलनेचा असेल, तर १९९५ पासूनची वर्षं स्वायत्त बाजाराच्या दराने भरा. लेखापरीक्षणासाठी असेल, तर अधिकृत दर ठेवा, पण कडा बनावट आहे हे खाली लिहा.

तक्त्यात "दराचा प्रकार" असा वेगळा रकाना करा आणि प्रत्येक ओळीत भरा. हा रकाना टाळणाऱ्या माणसाचा तक्ता मी पुढे वाचत नाही.

सावधान: दर प्रकार बदलतो त्या महिन्यात रेघ तोडा. ३०६ आणि ३६० यांना सलग जोडणारी रेघ न घडलेली घसरण दाखवते.

## पायरी ४: दोन्ही दर एकाच दिवसाचे घ्या

आता आकडे उतरवायचे. दोन्ही मध्यवर्ती बँकांच्या संकेतस्थळांवर जुने दर मिळतात. नायजेरियाच्या यादीत खरेदी, मध्य आणि विक्री असे तीन रकाने असतात. डॉलर, पौंड, युरो, सीएफए फ्रँक (पश्चिम आफ्रिकेतल्या आठ देशांचं सामाईक चलन) सापडतात. तिथे सेडी शोधत बसू नका. घानाच्या आंतरबँक यादीत नायरा असतो, पण दिशा बघा: डॉलरच्या ओळीत १ डॉलरला किती सेडी, तर नायराच्या ओळीत १ सेडीला किती नायरा. एकाच पानावर दोन दिशा. तो नायराचा आकडाही मूळ दर म्हणून वापरू नका. पडताळणीसाठी बाजूला ठेवा.

सुट्ट्या जुळत नाहीत. ६ मार्चला घानात स्वातंत्र्यदिन, १ ऑक्टोबरला नायजेरियात. १२ जूनला नायजेरियात लोकशाही दिनाची सुट्टी. एका बाजूला दर आहे आणि दुसऱ्या बाजूला नाही, अशा ओळी येणारच. दोन पर्याय आहेत: ओळ गाळा, किंवा आधीच्या कामकाजाच्या दिवसाचा दर पुढे ओढा आणि तसं चिन्ह करा. कोणताही घ्या, पण अख्ख्या तक्त्यात एकच. नुसता क्रमाने रकाना चिकटवला, तर एका सुट्टीनंतर सगळ्या तारखा एकेका ओळीने सरकतात. शांत महिन्यात हे लक्षातही येत नाही. जून २०२३ मध्ये एका दिवसाचा फरक म्हणजे चाळीस टक्क्यांचा फरक.

म्हणून तारखेवरून जुळवणी करा, ओळ क्रमांकावरून नाही. एक्सेलमध्ये तारखेचा एक स्वतंत्र, पूर्ण रकाना आधी तयार करा आणि दोन्ही बाजूंचे दर शोध-सूत्राने त्यात आणा. तारखा मजकूर म्हणून तर आलेल्या नाहीत ना, तेही बघा. ०६/०३ हा एका फाइलीत ६ मार्च आणि दुसरीत ३ जून असू शकतो.

तपासा: १४ जून २०२३ च्या आसपासच्या पाच ओळी डोळ्यांनी वाचा. नायराची उडी नेमक्या त्याच तारखेला दिसते का?

## पायरी ५: भागाकार, आणि मध्य दराचा आग्रह

सूत्र एका ओळीचं:

१ सेडीला नायरा = (१ डॉलरला नायरा) ÷ (१ डॉलरला सेडी)

एक कल्पित उदाहरण घेऊ. घानात डॉलरची खरेदी १०.९०, विक्री ११.१०. नायजेरियात खरेदी १,४९०, विक्री १,५१०. मध्य दर ११ आणि १,५००, म्हणून १ सेडी = १३६.३६ नायरा. इतिहासाच्या तक्त्यात हाच आकडा जाईल.

पण अक्र्यातला व्यापारी सेडी देऊन नायरा घेतो, तेव्हा तो डॉलर ११.१० ला विकत घेतो आणि लागोसला १,४९० ला विकतो. त्याला सेडीमागे १३४.२३ नायरा मिळतात. उलट दिशेने, नायरा देऊन सेडी घेणारा व्यापारी डॉलर १,५१० ला घेऊन १०.९० ला विकतो. त्याला एका सेडीसाठी १३८.५३ नायरा मोजावे लागतात. अंतर सव्वाचार नायरांहून जास्त, तीन टक्क्यांच्या पुढे. एका बाजूचा खरेदी दर आणि दुसऱ्या बाजूचा मध्य दर असं मिश्रण केलं, तर ही तफावत तुमच्या "इतिहासात" चालीसारखी दिसू लागते.

पूर्णांकन शेवटी करा. १९८० च्या आसपासचे सेडीचे दर ०.०००२७५ सारखे असतात. तिथे चार दशांशांवर थांबलात तर आकडा ०.०००३ होतो, नऊ टक्के चुकीचा.

## पायरी ६: महिन्याची आणि वर्षाची सरासरी

आधी रोजचा भागाकार, मग सरासरी. हा क्रम पाळा. दोन महिन्यांचे दर ४० आणि १२० नायरा समजा. सरासरी ८०. आता तेच उलट्या दिशेने करा: ०.०२५ आणि ०.००८३३, सरासरी ०.०१६६७, म्हणजे परत ६० नायरा. एकच आकडेवारी, दिशा बदलली की ८० चे ६०! दर शांत असताना हा फरक पैशांत राहतो. २०२३ सारख्या वर्षात तो निष्कर्ष पालटवतो. पायरी १ मध्ये लिहिलेली दिशा इथे कामाला येते.

सरासरीच वापरायची का, हाही प्रश्न आहे. १९८३ मध्ये घानाचा अधिकृत दर वर्षाच्या सुरुवातीला २.७५ आणि ऑक्टोबरपासून ३० होता. वार्षिक सरासरी ८.८ च्या आसपास छापलेली आहे. त्या दराने त्या वर्षी कोणीही, कधीही डॉलर घेतला नाही. अशा वर्षांना वर्षअखेरचा दर शेजारी द्या.

घसरणीची टक्केवारी लिहिताना कोणाची घसरण, ते बघा. डॉलर ४७० वरून ६६० ला गेला म्हणजे डॉलर ४० टक्के चढला. नायरा मात्र सुमारे २९ टक्के उतरला. "नायरा ४० टक्के घसरला" हे वाक्य चूक आहे, आणि ते छापून येतं.

## पायरी ७: ओळखीच्या खुंट्यांवर ताणून बघा

तक्ता पूर्ण झाल्यावर काही ठरावीक ठिकाणी हात लावून बघा. अधिकृत दरांवरून, आजच्या सेडीच्या मापात, १ सेडीला साधारण एवढे नायरा यायला हवेत:

- १९८०: २,००० च्या आसपास (०.५५ ÷ ०.०००२७५)
- जुलै २००७: १३७ च्या आसपास
- २०१९: जाहीर दराने ५९, खिडकीच्या दराने ६९
- मे २०२३: ४२ च्या आसपास
- मे २०२५ ची अखेर: १५० च्या थोडं वर

१९८० चे २,००० बघून दचकू नका. आजचा एक सेडी म्हणजे तेव्हाचे दहा हजार, आणि तेव्हा एका नायराला पाच सेडी; हिशेब जुळतो. मे २०२३ ते मे २०२५ मधली चढण मात्र दोन कारणांची मिळून आहे: नायरा कोसळला, आणि २०२५ च्या वसंतात सेडी डॉलरमागे पंधराच्या वरून दहाच्या घरात आला. दोन्ही डॉलर-दरांचे रकाने तक्त्यात शेवटपर्यंत ठेवा, म्हणजे कोणती बाजू हलली ते दिसतं. फक्त अंतिम दर ठेवून बाकी पुसणारे पुढच्या प्रश्नाला उत्तर देऊ शकत नाहीत.

आणखी एक पडताळणी सीएफए फ्रँकवरून होते. सेनेगल, कोट दिव्हार, बेनिन, टोगो धरून आठ देशांचा हा फ्रँक १९९९ पासून युरोला ६५५.९५७ या दराने बांधलेला आहे. घानाच्या यादीतला "१ सेडीला सीएफए" आणि "१ युरोला सेडी" यांचा गुणाकार कोणत्याही दिवशी ६५५.९५७ च्या अगदी जवळ यायला हवा. न आला तर ती ओळ चुकीच्या तारखेची किंवा चुकीच्या रकान्यातली आहे.

सावधान: फ्रेंच फाइलींत दशांशासाठी स्वल्पविराम असतो. तिथलं ६५५,९५७ म्हणजे सहाशे पंचावन्न पूर्णांक काही. आपलं एक्सेल त्याला साडेसहा लाख समजून गप्प बसतं. डाउनलोड केलेली फाइल उघडण्याआधी अंकांची पद्धत बदला. आणि १९९४ च्या आधी जायचं असेल, तर १२ जानेवारी १९९४ ला सीएफए फ्रँक निम्म्यावर आणला होता (५० ऐवजी १०० फ्रँकला १ फ्रेंच फ्रँक), तिथेही रेघ तुटते.

## पायरी ८: तक्त्याखाली टीप लिहा

टीप नसलेला तक्ता दुसऱ्याच्या हातात गेला, की महिन्याभरात त्यातला एखादा आकडा भलत्याच कामाला लागतो. पाच ओळी पुरतात, पण त्या तक्त्याच्याच पानावर असू द्या; वेगळ्या फाइलीत ठेवल्या तर कोणी उघडत नाही. नमुना असा:

"१ घाना सेडीला नायरा. २००७ आधीचे सेडी १०,००० ने भागलेले. दोन्ही मध्यवर्ती बँकांचे डॉलरचे मध्य दर, एकाच तारखेचे. एका देशात सुट्टी असलेले दिवस गाळले. एप्रिल २०१७ नंतर नायरासाठी खिडकीचा दर, त्याआधी जाहीर दर. रोजच्या भागाकाराची महिन्याची सरासरी. समांतर बाजार धरलेला नाही."